झोपलात का, जेवलात का

आमची वहिनी आठवड्यातून तीन संध्याकाळी लोकांचे गळे आवळते आणि दिवसभर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. यातलं तिला जास्त काय आवडतं हे विचारायची गरज नाही, दोन्ही वेळचा तिचा चेहरा बघितला की कळतं. हे मी तिची बदनामी करायला सांगत नाही. मी तिची सख्खी नणंद आहे. बदनामीच करायची तर माझ्याकडे याहून चांगला माल आहे.

तिला या नादाला मीच लावलं. मी त्याच हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीमागे बसते. दिवसभर लोक येऊन विचारतात, एक्स-रे कुठे, आणि मी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवते, जिच्यावर एक्स-रे कुठे ते लिहिलेलं असतं. अशी नोकरी करणाऱ्याला कुणाला तरी बडवावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. टायरच्या दुकानाच्या वर 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स, हौशी लोकांसाठी' असा बोर्ड लागला तेव्हा मी लगेच नाव नोंदवलं आणि एकटीला लाज वाटेल म्हणून वहिनीला ओढून नेलं. मला वाटलं, ठोसे मारायला मिळतील. त्यांनी पहिला आठवडाभर नुसतं पडायला शिकवलं. पडण्यासाठी मला शिकवणी नको होती, मी घरच्या घरी उत्तम पडते. मी दुसऱ्या आठवड्यात राम राम ठोकला. वहिनी मात्र राहिली.

राहिली म्हणजे चिकटलीच. या खेळात ठोसे असतात, लाथा असतात, कुस्ती असते, आणि खाली पडल्यावर समोरच्याचा हात नाहीतर गळा धरून तो शरण येईपर्यंत सोडायचा नसतो. शरण येणाऱ्याने हाताने दोनदा थोपटायचं, की लगेच सुटका. वहिनीची चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. पण ओल्या चादरींचे भारे मशीनच्या पोटातून ओढून ओढून तिच्या हातांत अशी पकड आली आहे की ती डब्याचं झाकण लावते ते मग कुणालाच उघडत नाही. तिथली जिममध्ये घडवलेले दंड दाखवत फिरणारी पोरं तिच्याशी जोडी लागली की बूट शोधायच्या निमित्ताने गायब व्हायची.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे कोचबाई म्हणतात. त्या एके काळी पैसे घेऊन लढायच्या. दोन्ही कान चुरगळलेल्या कागदासारखे झालेत आणि जिभेला हाड नाही. हौशी लोकांवर त्यांचं प्रेम आहे, पण त्या ते दाखवत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही इथे पोट भरायला आलेला नाहीत. तुम्हाला उद्या कामावर जायचंय, पोरांना उचलायचंय, म्हातारपणी स्वतःच्या पायांनी संडासाला जायचंय. तेव्हा जिंकण्याची खुमखुमी घरी ठेवा आणि मापात दमा. त्या वर्गात वजनकाटा नव्हता, बेल्ट नव्हते, भिंतीवर वाघ-सिंहाची चित्रं नव्हती. एक प्रथा मात्र होती आणि ती कुणालाही चुकली नव्हती.

जोडी लावण्याआधी कोचबाई प्रत्येकाला सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारायच्या. काल झोपलात का? आज जेवलात का? लघवीचा रंग काय? पहिल्या दिवशी मी हा तिसरा प्रश्न ऐकला आणि चप्पल कुठे काढलीय ते आठवायला लागले. पण तिथे बँकेतले साहेब मान खाली घालून 'पिवळा, पण फार नाही' असं सांगायचे आणि कुणी हसायचं नाही. पाणी कमी पडलं की रंग गडद होतो म्हणे. तिन्हीपैकी एक उत्तर जरी वाकडं आलं तरी त्या दिवशी लढायचं नाही. बादली आणि फडकं घ्यायचं, मॅट पुसायच्या, बाकीच्यांचं बघत बसायचं. कुणी तरी एकदा विचारलं होतं, खोटं सांगितलं तर तुम्हाला कसं कळणार? कोचबाई म्हणाल्या, "मला नाही कळणार. तुमच्या जोडीदाराला कळेल."

वहिनीचं उत्तर ठरलेलं असायचं. झोपले, जेवले, फिका. एका दमात, शाळेतल्या हजेरीसारखं. फडकं तिच्या हाती कधीच आलं नाही.

आता ती खरंच झोपायची आणि जेवायची का, हे बघायला आमच्या घरात यावं लागेल. मी दोन जिने खाली राहते आणि जेवायला वर जाते, त्यामुळे सगळा कारभार माझ्या डोळ्यांसमोरचा. आमचा दादा गाडी चालवायला शिकवतो. शिकणारा गाडी चालवतो आणि दादा शेजारी बसून स्वतःच्या पायाखालच्या ब्रेकवर पाय ठेवून 'हळू, हळू' म्हणतो. घरीही तो तसाच. संसाराची गाडी वहिनी चालवते आणि हा शेजारी बसून हळू म्हणतो. माणूस वाईट नाही, पण त्याला वाटतं गाडी आपणच चालवतोय. मग आमचे बाबा, ज्यांना दात नसल्यामुळे सगळं मऊ लागतं, आणि माझी भाची, जिला अडनिडं वय असल्यामुळे काहीच चालत नाही. सगळ्यांचं वेगळं वेगळं वाढून झालं की वहिनी मोरीपाशी उभी राहून पातेल्याला लागलेलं खरवडायची. कुणी बस म्हटलं तर एकच वाक्य, माझं झालंय. कधी झालं, काय झालं, कुणी विचारलं नाही. तिने एवढ्या सहज सांगितल्यावर कशाला विचारायचं?

कोचबाईंनी तिला अंडी खायला सांगितली होती. म्हणून वहिनी रोज सकाळी चार अंडी जास्तीची उकडायची. एक भाचीच्या डब्यात जायचं, एक बाबांसाठी कुस्करलं जायचं, एक दादा 'बघू कसं झालंय' म्हणून उचलायचा आणि एक मी खायचे, कारण ते समोर असायचं. ताकदीच्या पावडरीचा डबा तिने हौसेने आणला, तो बाबांनी चहा दाट होतो म्हणून त्यात घालून संपवला. आठ तास झोपा, असंही कोचबाईंनी सांगितलं होतं. वहिनीने ते भाचीला सांगितलं आणि भाची मात्र झोपायला लागली. घरातल्या सगळ्यांची तब्येत त्या वर्षी सुधारली. दादाचं पोट उतरलं, बाबांचे गाल वर आले. व्यायाम तेवढा वहिनी करत होती.

मग व्हायचं तेच झालं. वर्गात औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती, सगळे तिला फार्मसीवाली म्हणायचे. शांत, नीटनेटकी, गोळ्यांच्या पुड्या बांधाव्यात तशी जपून लढणारी. वहिनीची आणि तिची जोडी छान जमायची. एका संध्याकाळी तिने मागून येऊन वहिनीच्या गळ्याभोवती हात टाकला. रोजचाच डाव होता. वहिनीने थोपटायला हात उचलला आणि तो हात तसाच खाली पडला. वहिनी बेशुद्ध झाली होती. कोचबाईंनी धावत येऊन तिला उताणं केलं, पाय वर धरले. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, गॅस बंद केला का. हे मला तिनेच नंतर सांगितलं. मी हसले, आणि मग उठून गॅस खरंच बंद आहे ना ते बघून आले.

कोचबाई फार्मसीवालीवर बरसल्या. समोरचं माणूस सैल पडल्याचं तुला कळलं नाही? ती मुलगी रडत सांगत होती की मी नुकताच हात टाकला होता, दाबलाही नव्हता. कुणाला पटलं नाही. आणि वहिनी, जिला ठाऊक होतं की सकाळपासून आपल्या पोटात एक कप चहाच गेलाय आणि लॉन्ड्रीच्या वाफेत आपण घोटभर पाणीसुद्धा प्यायलेलो नाही, ती गप्प बसली. फार्मसीवाली बरेच दिवस आलीच नाही. आली तेव्हा तिची पकडच गेली होती. कुणाच्या गळ्याशी हात नेला की लगेच सोडून द्यायची, विचारायची, ठीक आहात ना? पोरं तिला हलक्या हाताची म्हणायला लागली. वहिनी हे सगळं बघायची आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

वर्षातून एकदा त्या वर्गात घरच्यांचा दिवस असतो. बक्षीस नाही, पदक नाही. घरचे लोक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात आणि आपलं माणूस मार खाताना बघतात. त्या वर्षीच्या जोड्या कोचबाईंनी वाचून दाखवल्या आणि वहिनीच्या समोर नाव आलं फार्मसीवालीचं. त्याच संध्याकाळी वहिनीने जेवताना सगळ्यांना यायचं आमंत्रण दिलं. दादा म्हणाला, बघू. बाबा म्हणाले, खुर्चीला पाठ आहे का. भाची म्हणाली, मी मागे बसेन.

घरच्यांच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मला वहिनीशी काम होतं, म्हणून मी खाली लॉन्ड्रीत गेले. तिथे एका बाजूला मळके कपडे येतात, दुसऱ्या बाजूने स्वच्छ जातात, आणि या बाजूचं माणूस त्या बाजूला हात न धुता गेलं तर मुकादम अंगावर येतो. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. बाकीच्या बायका डबा खायला बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यात नव्हती. एकीने घोंगड्या वाळवायच्या खोलीकडे मान वळवली. तिथे आत गेल्या गेल्या माझा चष्मा धुकटला. पुसून बघते तर टांगलेल्या घोंगड्यांच्या मधोमध स्टुलावर वहिनी बसलेली. अंगात रेनकोट, डोक्याला टॉवेल, तोंड टोमॅटोसारखं. घाम हनुवटीवरून ठिबकत होता.

मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, वजन उतरवतेय. जिममधल्या पोरांकडून तिला कळलं होतं की खरे खेळाडू सामन्याआधी पाणी तोडतात, घाम काढतात आणि किलोच्या किलो कमी होतात. मी म्हटलं, पण तुझं वजन करणार कोण? तुमच्याकडे काटाच नाही. ती म्हणाली, काटा नाही, पण अंग हलकं वाटतं. "खऱ्या खेळाडूंना त्याचे पैसे मिळतात," मी म्हटलं. "तुला काय मिळणार, मुतखडा?"

ती हसली नाही. मला ती चिडवायला वन्सं म्हणते, जुन्या काळच्या सुना नणंदेला म्हणत तसं. पण तेव्हा ती चिडवत नव्हती.

"वन्सं, मला एकदा जिंकायचंय. आणि यांच्यासमोर जिंकायचंय. घरात मी काय करते ते कुणाला दिसत नाही. हे तरी दिसेल."

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिने ती बाजूला ठेवली. मी शिव्या घालत वर आले आणि त्या दिवशी एक्स-रे विचारणाऱ्या पहिल्याच माणसाला उगीच झापलं. मला तिचा राग आला होता आणि तिने जिंकावं असंही तितकंच वाटत होतं.

घरच्यांच्या दिवशी वहिनी उजाडायच्या आत उठली होती, कारण सगळे दिवसभर बाहेर राहणार म्हणजे सगळ्यांचे डबे हवेत. बाबांचा मऊ भात, दादाचं सगळं, भाचीचं कांदा नसलेलं, माझं कांदा असलेलं. मी वर गेले तेव्हा ती झाकणं लावत होती. दादाने विचारलं, तू काही खाल्लंस का? नवल म्हणजे त्याने विचारलं. ती म्हणाली, माझं झालंय. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

टायरच्या दुकानाचा जिना चढताना बाबांनी चार वेळा थांबून विश्रांती घेतली. वरच्या खोलीत रबराचा आणि फिनेलचा वास होता. दादा पहिल्या रांगेत बसला आणि त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायला लागला. भाची मागे बसते म्हणाली होती, ती फोन वर धरून पुढे येऊन उभी राहिली. पलीकडे फार्मसीवाली आईबरोबर आली होती. ती दोन्ही तळवे पँटला पुसत होती आणि पुन्हा पुन्हा स्वतःच्या हातांकडे बघत होती.

कोचबाईंनी घरच्यांसमोरही प्रथा मोडली नाही. एकेकाला उभं करून तेच तीन प्रश्न. बँकेतल्या साहेबांच्या बायकोने तिसरं उत्तर ऐकून पदराने तोंड झाकलं. फार्मसीवालीची उत्तरं बरोबर आली. मग वहिनी उभी राहिली. ओठ कोरडे पडलेले, पण पाय घट्ट. मला मनापासून वाटत होतं, खोटं बोल बाई. एवढं एक वेळ बोल. आयुष्यभर बोलत आलीस, आज पाच मिनिटांसाठी काय बिघडतंय.

"झोपले," वहिनी म्हणाली आणि थांबली. समोर फार्मसीवाली पुन्हा तळवे पँटला पुसत होती. वहिनी त्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. झोपले नाही. काल दुपारपासून जेवलेले नाही. आणि रंग काळ्या चहासारखा आहे."

मागून कुणी तरी हसलं. कोचबाई वहीत बघितल्यासारखं करून पुढच्या नावाकडे वळणार होत्या, पण वहिनीचं संपलं नव्हतं.

"आणि त्या दिवशी, हिच्या हातात माझी शुद्ध गेली, तेव्हाही मी जेवलेले नव्हते. हिने काही चुकीचं केलं नव्हतं."

मला वाटलं आता कोचबाई तिची पाठ थोपटतील, प्रामाणिकपणावर दोन शब्द बोलतील. त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. वहिनी गेली, फडकं पिळलं आणि गुडघ्यांवर बसून मॅट पुसायला लागली. फार्मसीवाली तिच्यामागे गेली. मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. ती म्हणाली, "एवढे दिवस मला झोप लागत नव्हती. तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?" वहिनी पुसत राहिली. मुलगी रागाने परत गेली, आणि कोचबाईंनी तिच्यासमोर दुसरी एक दणकट बाई उभी केली. फार्मसीवालीने तिसऱ्या मिनिटाला तिच्या गळ्याभोवती हात टाकला आणि ती थोपटेपर्यंत सोडला नाही. मग हात उघडून, आपलेच आहेत ना, असे बघितले. वहिनीने फडकं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, शरीरात एवढं पाणी उरलं होतं याचंच मला आश्चर्य वाटलं.

दादा उठून तिच्यापाशी गेला. मी मागोमाग गेले, कारण मला ऐकायचं होतं. तो चिडलेला होता, पण कुणावर चिडावं हे त्याला कळत नव्हतं.

"सकाळी मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, माझं झालंय."

"अहो," वहिनी म्हणाली, "मी रोजच म्हणते."

ती हे भांडायला म्हणाली नाही. एक्स-रे कुठे विचारल्यावर मी सांगते तसं सांगितलं. दादा उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करत किती जेवणं गेली असतील कोण जाणे. बाबांनी खुर्चीतून मान पुढे काढून काय झालं म्हणून विचारलं. भाचीने फोन खाली घेतला होता.

मग दादाने पिशवी उघडली आणि वहिनीचा डबा शोधला. आधी वरच्या वर, मग हात घालून तळापर्यंत. सगळ्यांचे होते, तिचा नव्हता. त्याने स्वतःचा डबा काढला आणि झाकण ओढायला लागला. ते निघेना, तिनेच लावलेलं होतं. शेवटी वहिनीने तो त्याच्या हातातून घेतला, एका झटक्यात उघडला आणि तिथेच पुसलेल्या मॅटच्या कडेला मांडी घालून बसली.

कोचबाईंनी पाण्याची बाटली आणून तिच्या शेजारी ठेवली आणि पुढची जोडी लावायला गेल्या. वहिनी घोटभर पाणी प्यायली आणि जेवायला लागली. सावकाश, नीट चावून, बसून. मी तिला असं जेवताना कधी बघितलं नव्हतं. शेजारी दादा उकिडवा बसला होता. आता ती विचारेल, तुम्ही काय खाणार, अर्धा घ्या, मला एवढं नको, असं मला वाटत होतं. तिने एक घास कुणाला देऊ केला नाही. डबा संपवला, कडेला लागलेलं बोटाने पुसून घेतलं. मग तिने माझ्या डब्याकडे बघितलं, आणि मी तो मुकाट्याने तिच्यापुढे सरकवला.